उशाशी ठेवलेली फळे

आजारी माणसाला भेटायला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. इस्पितळाच्या फाटकाबाहेर औषधाचे दुकान एक असेल तर फळांच्या गाड्या चार असतात, त्या उगाच नव्हेत. अर्धा डझन मोसंबी, चार सफरचंदे, जमल्यास एखादे डाळिंब घ्यायचे, वर जाऊन ती पिशवी आजाऱ्याच्या उशाशी ठेवायची, ‘आता काळजी करू नका’ म्हणायचे आणि भेटीची वेळ संपायच्या आत निघायचे, असा हा साधा विधी आहे. दुसरा विधी डोहाळजेवणाचा. पाच तऱ्हेची फळे ओटीत पडल्याशिवाय गर्भवतीचे कौतुक पुरे होत नाही. तिसरा, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या एकादशीचा. दात राहिलेले नाहीत, साबुदाणा सोसत नाही, तेव्हा ‘त्यांना थोडी पपई चिरून दे’ हे वाक्य पुष्कळ घरांतून महिन्याकाठी दोनदा तरी ऐकू येते.

म्हणजे फळांचा पहिला मान आपण आजारी, गर्भवती आणि वृद्ध या तिघांना देतो. त्यात गैर काहीच नाही. परंतु अन्नातून होणाऱ्या विषबाधेचा धोका कोणाला अधिक, याची कोणत्याही देशाच्या आरोग्यखात्याने केलेली यादी उघडून पाहावी, तर तिथेही हीच तीन नावे आढळतात. चौथे नाव तान्ह्या मुलांचे. फळ ज्यांच्या हाती आपण आधी ठेवतो, त्यांनाच ते बाधले तर अधिक बाधते. ही जुळणी माझ्या ध्यानात यायला आमच्या घरी एक प्रसंग यावा लागला.

गेल्या वर्षी माझ्या सासूबाईंना कर्करोगाचे निदान झाले. वय चौऱ्याहत्तर. शस्त्रक्रिया झाली आणि नंतर केमोथेरपीचे सहा फेरे ठरले. पहिल्याच फेऱ्यानंतर त्यांच्या तोंडाची चव गेली. ‘तोंडात तांब्याचा पैसा धरून ठेवल्यासारखे वाटते गं,’ असे त्या म्हणत. भात नको, वरण नको, पेज तर समोरही नको. थंड पपईची एखादी फोड किंवा मऊ चिकू मात्र घशाखाली उतरे. नेमक्या त्याच वेळी फळांवरून घरात दोन तट पडले. मामंजींचे म्हणणे असे की फळ हे औषधच आहे, तेव्हा ती मागेल ते आणि मागेल तेव्हा द्यावे. बंगळूरला असलेल्या माझ्या नणंदेने कुठेसे वाचले होते की केमोथेरपी चालू असताना कच्चे असे काहीच पोटात जाऊ देऊ नये. तिचा रोज रात्री फोन येई आणि पहिला प्रश्न ‘आईला फळे देत नाही ना?’ हा असे. त्यात शेजारच्या काकू दर दोन दिवसांनी फळांच्या चिरलेल्या फोडींचे ताट झाकून घेऊन येत. त्यांचे प्रेम खरे होते, त्यामुळे ताट परत करणे फार कठीण होते.

शेवटी आम्ही डॉक्टरीणबाईंनाच विचारले. त्यांनी दोन्ही तटांची निराशा केली. त्या म्हणाल्या, ‘फळे बंद करायची नाहीत, त्या दुसरे काही खात नाहीत. पण बाहेर चिरलेले फळ नको, बाहेरचा रस नको. अखंड फळ आणा, घरी धुवा, सोला, लगेच खायला द्या. आणि हे सहा महिने खरबूज नको.’

‘खरबूजच का?’ मामंजींनी विचारले. बाहेर चाळीस माणसे खोळंबली होती, त्यामुळे उत्तर द्यायला बाईंना सवड नव्हती. परत येताना रिक्षात मामंजी तोच प्रश्न मला विचारीत होते. मी पडले मराठीची प्राध्यापिका. खरबूज हा शब्द आपल्याकडे फारशीतून आला, एवढे मी त्यांना सांगू शकत होते आणि तेवढ्याने त्यांचे समाधान होण्यासारखे नव्हते. तेव्हा रोज रात्री उत्तरपत्रिका बाजूला सारून मी वाचायला बसले आणि वाचता वाचता अमेरिकेतल्या एका खेड्यात जाऊन पोहोचले.

कोलोरॅडो राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात ग्रॅनाडा नावाचे लहानसे गाव आहे. त्या भागातली खरबुजे ‘रॉकी फोर्ड’ या नावाने प्रसिद्ध आहेत. रॉकी फोर्ड हे गाव ग्रॅनाडापासून बरेच लांब, पण आपल्याकडे देवगडच्या नावावर जसा कुठला कुठला आंबा खपतो, तसा तिथेही नावाचा महिमा आहे. २०११ सालच्या ऑगस्टअखेर कोलोरॅडोच्या आरोग्यखात्याकडे एका विशिष्ट रोगाचे सात रुग्ण आठवड्याभरात नोंदले गेले. एरवी त्या राज्यात संपूर्ण ऑगस्ट महिन्यात सरासरी दोन रुग्ण होत. खात्याची माणसे प्रश्नावली घेऊन घरोघरी गेली. महिनाभरात काय काय खाल्ले? दूध कोणते, चीज कोणते, मांस कोणते? पूर्वीच्या अनुभवावरून संशय चीजवर आणि थंड मांसावर होता. रुग्ण एका सुरात सांगू लागले ते खरबुजाचे नाव. मग रुग्णांच्या घरच्या फ्रीजमधील आणि दुकानांतील खरबुजे तपासली गेली, तेव्हा रोग्यांच्या रक्तात सापडलेला जंतू तिथेही सापडला. ती फळे ग्रॅनाडाच्या जेन्सन फार्म्स या शेतावरून आली होती. सप्टेंबरच्या मध्यावर शेतमालकांनी माल परत मागवला. पण तोवर तो कितीतरी राज्यांत पोहोचून खाऊनही झाला होता.

अखेरच्या गणतीत २८ राज्यांतील १४७ माणसे आजारी पडल्याची आणि ३३ जण दगावल्याची नोंद झाली. एका स्त्रीचा गर्भपात झाला. रुग्णांतील बहुतेक साठीच्या पुढचे होते आणि निम्म्यांचे वय ७८ किंवा त्याहून अधिक होते. उरलेल्यांत गर्भवती स्त्रिया आणि नुकती जन्मलेली मुले होती. तीच खरबुजे त्या उन्हाळ्यात कितीतरी तरुण, धडधाकट माणसांनीही खाल्ली असतील आणि त्यांना कळलेही नसेल.

झाले होते काय? शेतात फारसे काही बिघडले नव्हते. बिघडले होते ते फळे धुऊन भरण्याच्या पडवीत. तपासणी अधिकाऱ्यांना तिथल्या जमिनीवर पाण्याची डबकी आढळली. फळे धुण्याचे यंत्र पूर्वी बटाट्यांसाठी वापरलेले होते आणि त्याचे कानेकोपरे नीट घासून निघण्यासारखे नव्हते. पाण्यात क्लोरीन घालण्याची पद्धत त्या वर्षी सोडून देण्यात आली होती. शेतातून आलेले उन्हाने तापलेले फळ आधी निववून घ्यायचे सोडून थेट शीतगृहात जाई, तेव्हा त्याच्या सालीवर दव धरे आणि जंतूंना हवा असलेला ओलावा मिळे. या साऱ्याच्या काही आठवडे आधीच एका खासगी तपासनिसाने त्या पडवीला शंभरपैकी ९६ गुण देऊन ‘उत्तम’ असा शेरा मारला होता! परीक्षक म्हणून माझी निम्मी हयात गेली आहे, त्यामुळे हा तपशील वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटूनच बसले. शेतमालक असलेल्या दोघा भावांनी २०१३ साली न्यायालयात गुन्हा कबूल केला. २०१४ साली त्यांना पाच वर्षांची परिवीक्षा, सहा महिन्यांची घरकैद आणि प्रत्येकी दीड लाख डॉलर भरपाई अशी शिक्षा झाली.

त्या जंतूचे नाव लिस्टेरिया. केंब्रिजमध्ये प्रयोगशाळेतले ससे मरू लागले तेव्हा, १९२६ साली, त्याचे पहिले वर्णन झाले. पुढे जोसेफ लिस्टर या शल्यवैद्याच्या सन्मानार्थ त्याला हे नाव मिळाले. ज्याने शस्त्रक्रिया निर्जंतुक करायला जगाला शिकवले, त्याचे नाव एका जंतूला द्यावे, हा कसला सन्मान ते शास्त्रज्ञच जाणोत. हा जंतू मातीत, पाण्यात, जनावरांच्या शेणात सर्वत्र असतो. तो अन्नातून माणसाकडे येतो हे मात्र १९८१ साली कॅनडातल्या एका साथीमुळे पक्के झाले. तिथे एका शेतकऱ्याने कोबीला मेंढ्यांचे कच्चे खत घातले होते आणि तो कोबी हिवाळाभर थंडगार कोठारात साठवला होता. त्याच्या कोशिंबिरीतून रोग पसरला. आजारी पडलेल्यांत बहुसंख्य गर्भवती आणि त्यांची नवजात बालके होती.

त्या कोठारातच या जंतूचे वेगळेपण आहे. आपली समजूत अशी की पदार्थ फ्रीजमध्ये गेला म्हणजे चिंता मिटली. रोगाचे बहुतेक जंतू थंडीत गप्प बसतात हे खरे आहे. लिस्टेरिया मात्र फ्रीजच्या थंडीतही सावकाश का होईना, वाढत राहतो. आज चिरलेल्या फळाची उरलेली अर्धी फोड चार दिवसांनी काढून खाल्ली, तर मधल्या दिवसांत तो रिकामा बसलेला नसतो. दुसरी गोष्ट अशी की तो पोटात गेल्यावर लगेच उलट्याजुलाब होतील असे नाही. ताप, अंगदुखी, मानेचा ताठरपणा, भ्रम ही लक्षणे एक ते चार आठवड्यांनी, कधी कधी दहा आठवड्यांनीही दिसू लागतात. तोवर ते फळ कोणाच्या लक्षात राहणार? आपल्याकडे असे आजार ‘साधा ताप’ म्हणून किती निघून जात असतील, याचा हिशेब कोण ठेवतो?

आता मामंजींच्या प्रश्नाकडे वळते. खरबूजच का, तर त्याची साल पाहा. त्या सालीवर जी सुंदर जाळी असते, तिच्या प्रत्येक खाचेत माती आणि जंतू घर करून बसू शकतात आणि नुसत्या नळाच्या पाण्याने ते हलत नाहीत. फळ जमिनीला टेकूनच वाढते. आणि आतला गर गोड असला तरी आंबट नाही. लिंबू, संत्रे, अननस यांच्या आंबटपणात जंतूंची वाढ सहसा खुंटते. खरबूज, कलिंगड, पपई यांच्या गरात तसा अडथळा नसतो. सालीचे जंतू गरात नेऊन पोहोचवण्याचे काम आपली सुरी करते. न धुतलेल्या खरबुजावरून सुरी एकदा फिरली की बाहेरचे आत गेलेच म्हणून समजावे. २०१८ साली ऑस्ट्रेलियातही खरबुजातूनच लिस्टेरियाची साथ आली आणि २२ रुग्णांपैकी सात दगावले. तिथल्या न्यू साउथ वेल्स राज्याचे अन्नखाते गर्भवती स्त्रियांना खरबूज आणि बाजारातले चिरलेले फळ खाऊ नका असे स्पष्ट सांगते.

हे सारे मी मामंजींना सांगितल्यावर ते क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले, ‘म्हणजे दोष खरबुजाचा नाही, सालीचा आणि सुरीचा आहे.’ वकिलीत आयुष्य घालवलेल्या माणसाने एवढा निवाडा द्यावा हे ठीकच.

परंतु सालीवर आणि सुरीवर सारे ढकलून चालत नाही. आंब्याचीच गोष्ट घ्या. १९९९ साली ब्राझीलहून अमेरिकेत गेलेल्या आंब्यांतून विषमज्वराच्या जंतूचा भाऊबंद असलेला साल्मोनेला पसरला. त्या आंब्यांना फळमाशीच्या बंदोबस्तासाठी आधी गरम पाण्यातून काढले होते आणि मग थंड पाण्यात बुडवले होते. गरम फळ थंड पाण्यात पडले की आतली हवा आकसते आणि देठाच्या वाटेने बाहेरचे पाणी आत ओढले जाते. पाण्यात जंतू असतील तर तेही आत जातात, आणि मग साल कितीही धुवा. हे वाचताना मला आमच्या लहानपणीची आंब्यांची बादली आठवली. दुपारच्या उन्हातून आलेले आंबे बादलीत बुडवायचे आणि रसाची तयारी होईपर्यंत तसेच ठेवायचे. ही रीत मोडा असे मी म्हणणार नाही. आंबे बाधू नयेत म्हणून ती आजीने घातलेली आहे आणि तिच्याशी वाद घालण्याची माझी छाती नाही. आंबे आधी सावलीत निवू द्यावेत, बादली घासलेली असावी, पाणी पिण्याचे असावे आणि शेवटी प्रत्येक आंबा वाहत्या पाण्याखाली चोळून घ्यावा, एवढे केले म्हणजे आजीचाही मान राहतो.

रस्त्यावरच्या ‘फ्रूट प्लेट’विषयी मात्र मला इतके सौम्य बोलता येत नाही. पपई, कलिंगड, अननस आणि काकडी यांच्या फोडी, वर चाट मसाला, टोचायला लाकडी काडी. गाडीवाला सकाळी चिरून ठेवतो आणि दुपारपर्यंत विकतो. सुरी पुसायचे फडके एकच, आणि ते कोणत्या पाण्यात पिळले हे त्याचे त्यालाच माहीत. चांगल्या उबेत साल्मोनेलासारखा जंतू वीसएक मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. एकाचे दोन, दोनाचे चार असा पाढा म्हणत गेले तर चार तासांत एकाचे चार हजारांवर होतात. म्हणून चिरलेले फळ दोन तासांच्या आत खावे वा फ्रीजमध्ये ठेवावे, आणि हवा ३२ अंशांच्या वर तापलेली असेल तर एका तासाच्या आत, असा संकेत आहे. आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत पुष्कळ गावांत ‘एका तासा’चाच हिशेब लागू होतो. हल्ली हेच फळ पारदर्शक डब्यात बंद होऊन दहा मिनिटांत घरपोच येते. डबा चकचकीत असतो खरा. पण तो भरला कधी आणि कोणी, हे गाडीवाल्याला निदान तोंडावर विचारता तरी येते.

रसाचेही तेच. मोसंबीचा रस म्हणजे आजाऱ्याचे अमृत, अशी आपली श्रद्धा. घरी धुतलेल्या मोसंब्यांचा, धुतलेल्या भांड्यात काढून लगेच दिलेला रस तसा असेलही. दुकानातल्या रसात एका खराब फळाचा वाटा शंभर पेल्यांत जातो, आणि मिक्सरचे भांडे दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये नुसते विसळले जाते. आंबट रसात जंतू मरतात, या भरवशावरही राहू नये. १९९६ साली अमेरिकेत न तापवलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय जातीचा घातक जंतू पसरला, साठाहून अधिक लोक आजारी पडले आणि एक तान्हे मूल दगावले. त्या रसाचा आंबटपणा या जंतूने पचवला होता. त्यानंतरच तिथे न तापवलेल्या रसाच्या बाटलीवर इशारा छापण्याची सक्ती झाली. आपल्याकडे रसात आणखी बर्फ पडतो. मासळी थंड ठेवायचा बर्फ आणि पेल्यात घालायचा बर्फ ओळखू यावा म्हणून अखाद्य बर्फाला निळा रंग देण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ साली आला. पण पेल्यात पडल्यावर विरघळलेल्या बर्फाचा रंग पाहायला कोण थांबते?

‘पोपटाने चोच मारलेला पेरू गोड’ हे आपण सगळ्यांनी ऐकलेले आणि बहुतेकांनी अनुभवलेले. केरळात २०१८ साली निपाहची साथ आली तेव्हा पाखरांनी किंवा वटवाघळांनी उष्टावलेली फळे खाऊ नका, असे तिथल्या लोकांना बजावण्यात आले. चोच कोणाची आणि दात कोणाचे, हे पेरू काही सांगत नाही.

गंमत अशी की फळांच्या बाबतीत आपल्या घरांतून काळजी केली जाते ती सगळी रसायनांची. कार्बाइडवर पिकवलेले आंबे, मेण चोळलेली सफरचंदे, फवारे मारलेली द्राक्षे! कार्बाइडने फळे पिकवण्यास कायद्याने बंदी आहे, ती योग्यच आहे, आणि ती मोडणाऱ्याला शिक्षा व्हावी. परंतु केमोथेरपीच्या दहाव्या दिवशी, रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असताना, त्या माणसाला आज संध्याकाळी भय आहे ते फडक्यावरच्या जंतूचे. औषधाचा डोस दिल्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास शरीराची ही फौज सर्वांत दुबळी होते. आम्ही कॅलेंडरवर ते दिवस लाल पेन्सिलीने चौकटीत घातले होते.

माझ्या नणंदेचे काय झाले, हेही सांगायला हवे. तिने वाचलेले अगदीच निराधार नव्हते. अशा रुग्णांना सर्व कच्ची फळे-भाज्या वर्ज्य करण्याचा आहार पुष्कळ इस्पितळांतून वर्षानुवर्षे चालत आला. पण त्याची चाचणी घेतल्यावर, तो पाळणाऱ्यांना संसर्ग कमी झाले असे काही दिसून आले नाही. उलट आधीच मंदावलेल्या भुकेच्या माणसाचे चार घास तेवढे तुटले. म्हणून आता अनेक ठिकाणी स्वच्छ धुतलेली, सोललेली फळे देतात. हे मी तिला कळवले, तेव्हा ती फोनवर थोडी रडली. आईच्या तोंडची पपई आपण काढून घेत होतो की काय, असे तिला वाटले असावे. मुलीचे मन, दुसरे काय! कोणते फळ कोणाला चालेल हे मात्र ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनीच सांगावे. मज्जारोपण झालेल्याचे पथ्य निराळे असते.

निराळ्या देहाला निराळे पथ्य, हे जंतूंपुरतेच नाही. कर्मर, म्हणजे आडवे कापले की चांदणी दिसते ते स्टारफ्रूट, निरोगी माणूस मिटक्या मारीत खातो. ज्याची मूत्रपिंडे निकामी होत चालली आहेत त्याला तेच फळ विष होऊ शकते. त्यातले कॅरंबॉक्सिन नावाचे द्रव्य ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली वेगळे काढले. निरोगी मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. निकामी मूत्रपिंडांना ते जमत नाही आणि ते मेंदूपर्यंत जाते. पहिली खूण म्हणजे काही केल्या न थांबणारी उचकी, मग भ्रम, मग झटके. डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या उशाशी हे फळ चुकूनही ठेवू नये.

आणि बिहारमधल्या मुझफ्फरपूरची लिची. तिथे दर उन्हाळ्यात लहान मुले पहाटे झटके येऊन बेशुद्ध पडत आणि त्यांतली कितीतरी दगावत. २०१४ च्या हंगामात दोन इस्पितळांत अशी ३९० मुले दाखल झाली, त्यांतली १२२ वाचली नाहीत. शोध घेतल्यावर असे दिसले की लिचीतील द्रव्ये शरीराला साठ्यातून साखर तयार करू देत नाहीत. रात्री पोटभर जेवलेल्या मुलाला त्याने काही होत नाही. जे मूल दिवसभर बागेत पडलेल्या लिच्या खाऊन रात्री उपाशीच झोपले, त्याच्या रक्तातली साखर पहाटे एकदम उतरते. उपाय निघाला तो असा की मुलांना रात्रीचे जेवण द्यावे, लिच्या मोजक्याच खाऊ द्याव्यात आणि त्रास होताच ताबडतोब ग्लुकोज द्यावे. त्या मुलांच्या घरी रात्रीचे जेवण का नव्हते, हा प्रश्न प्रयोगशाळेच्या बाहेरचा. पण मला तो लिचीपेक्षा मोठा वाटतो.

आमच्या घरी पुढे काय व्यवस्था झाली ती सांगते. कोणाच्या उपयोगी पडली तर पडो. आलेली फळे उशाशी न ठेवता स्वयंपाकघरात जात. खायच्या वेळीच ती वाहत्या पाण्याखाली चोळायची, टणक सालीच्या फळांसाठी एक वेगळा ब्रश ठेवला होता. साबण लावायचा नाही. फळाची साल तो शोषून घेते. आधी हात धुवायचे, मग फळ, मग सुरी. केळे आणि मोसंबेसुद्धा सोलण्यापूर्वी धुवायचे, हे मामंजींना शेवटपर्यंत पटले नाही, पण ते धूत असत. ज्या फळाला डाग, चीर वा टोचा असेल ते आम्ही खायचे. फोडी त्या वेळेपुरत्याच करायच्या. सासूबाईंनी टाकलेली फोड पुन्हा फ्रीजमध्ये जायची नाही. आणि ताप १००.४ अंशांवर गेला की सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठायचे. तशी वेळ आमच्यावर एकदाच आली, आणि तेव्हा कारण फळ नव्हते, सलाइनची नळी होती.

शेजारच्या काकूंचा प्रश्न सासूबाईंनीच सोडवला. ‘तुम्ही चिरून आणता ना, त्यात मला गंमत वाटत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘इथे माझ्यासमोर बसून चिरा, तेवढ्याच गप्पा होतील.’ काकू तेव्हापासून अख्खी पपई काखोटीला मारून येऊ लागल्या. हात धुऊन, आमच्याच ओट्यावर ती धुऊन घेत आणि मग सासूबाईंच्या खोलीत बसून फोडी करीत. गप्पांत दोघींच्या वाट्याला अर्धी अर्धी पपई कशी संपे ते कळत नसे.

पुढच्या महिन्यात माझ्या भाचीचे डोहाळजेवण आहे. तिच्या आईला मी दोन गोष्टी कळवल्या आहेत. ओटीतली पाचही फळे अखंड असावीत. त्यांत खरबूज नसावे. आणि हल्ली चौरंगाभोवती कलिंगडाचे मोर अन् पपईची कमळे कोरून मांडतात, ती सकाळी कोरून दुपारच्या फोटोंपर्यंत तशीच उघडी राहणार असतील, तर फोटोपुरतीच ठेवावीत, मुलीच्या पानात वाढू नयेत. शिवाय भाचीला वेगळे बोलावून सांगितले आहे की या दिवसांत ताप आला, अंग मोडून आले, तर ‘हवा बदलली असेल’ म्हणून अंगावर काढू नकोस. डॉक्टरांना लगेच दाखव, आणि मागच्या महिनाभरात बाहेरचे चिरलेले काय खाल्लेस तेही आठवून सांग. ती हसून म्हणाली, ‘मामी, एवढे पाठ कोण ठेवणार?’ तेव्हा तिला एक छोटी वही आणून दिली आहे.